खेड्यांतील जुनी शाळा आणि स्मारकाचा मान

अमेरिकेच्या दक्षिण भागांत एखाद्या आडरस्त्यानें जात असतां, तंबाखूच्या किंवा कापसाच्या शेताच्या कडेला, बहुधा एखाद्या लहानशा चर्चच्या शेजारीं, लांकडी फळ्यांची एक बैठी इमारत दृष्टीस पडते. विटांच्या बुटक्या खांबांवर उचललेली जमीन, छपरावर गंजलेला पत्रा, आणि एका भिंतीला जवळजवळ सलग अशी उंच खिडक्यांची रांग. तावदानें क्वचितच शिल्लक असतात. खिडक्या फळ्या ठोकून बंद केलेल्या असतात. आंत गवताचे भारे, नाहीं तर मोडकीं अवजारें. परक्या माणसाला तें गोदाम वाटावें. पण गोदामाला इतक्या खिडक्या कशाला, असा प्रश्न ज्याच्या मनांत येईल, त्याला त्या घराचें पूर्वचरित्र उलगडण्याचा संभव आहे. तें घर म्हणजे एके काळची शाळा होय.

अशा शाळागृहांना स्थानिक ऐतिहासिक वास्तूचा दर्जा द्यावा काय, आणि तो दिल्यानें त्यांचें नेमकें कोणतें हित होतें, हा प्रश्न उत्तर कॅरोलायना राज्यांतील नगरांपुढें आणि काउंट्यांपुढें पुनःपुन्हां येत असतो. काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा, पण आकारानें पुष्कळच लहान असा विभाग. वरवर पाहतां ही एका पडक्या इमारतीच्या कागदपत्रांची गोष्ट आहे. परंतु इतिहास म्हणून काय जपावयाचें, आणि तें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद तिच्या पोटांत आहे. आणि तो वाद अमेरिकेपुरता खास नाहीं.

जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें आपलें पुस्तक प्रसिद्ध केलें, तेव्हां तें त्यांनीं गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या अमेरिकेंतील सज्जनांना अर्पण केलें. पुण्यांत बसून त्यांनीं सातासमुद्रांपलीकडील त्या घटनेचें मोल जाणलें होतें. तथापि त्या अर्पणपत्रिकेनंतर चारच वर्षांनीं, १८७७ सालीं, दक्षिणेंतील संघसरकारचें सैन्य बाजूला झालें आणि मुक्त झालेल्या लोकांच्या हक्कांना उतरती कळा लागली. १८९६ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें ‘वेगळें पण समान’ या तत्त्वावर शिक्कामोर्तब केलें. त्यांतील ‘वेगळें’ हा शब्द काटेकोरपणें पाळला गेला. ‘समान’ या शब्दाची आठवण कोणास राहिली नाहीं. गोऱ्या मुलांसाठीं विटांच्या शाळा उठूं लागल्या. कृष्णवर्णीय मुलें चर्चमध्यें, गुरांच्या गोठ्यांत, पडवींत, जागा मिळेल तेथें शिकत होतीं.

या पार्श्वभूमीवर दोन माणसांची गांठ पडली. बुकर टी. वॉशिंग्टन हे १८५६ सालीं गुलाम आईच्या पोटीं जन्मास आले आणि १८८१ सालीं अलाबामा राज्यांत टस्कीगी येथें निघालेल्या शिक्षणसंस्थेचे पहिले प्रमुख झाले. ज्यूलियस रोझेनवाल्ड हे जर्मनींतून आलेल्या एका ज्यू कुटुंबांतील. शिकागोच्या सीअर्स रोबक या टपालानें माल पुरविणाऱ्या प्रचंड पेढीचे अध्यक्ष. दोघांची ओळख १९११ सालीं झाली. पुढच्याच वर्षीं आपल्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या निमित्तानें रोझेनवाल्ड यांनीं ज्या देणग्या दिल्या, त्यांत टस्कीगीच्या वाट्याला २५,००० डॉलर आले. त्यांतून उरलेल्या २,८०० डॉलरांत आसपासच्या खेड्यांतून सहा लहान शाळा बांधून पाहाव्या, अशी सूचना वॉशिंग्टन यांनीं केली. ती मान्य झाली, आणि १९१३ सालीं लोचापोका या गांवीं पहिली शाळा उभी राहिली.

त्या शाळेचा जमाखर्च उपलब्ध आहे आणि तो निरखून पाहण्याजोगा आहे. एकूण खर्च ९४२ डॉलर ५० सेंट. पैकीं रोझेनवाल्ड यांचे ३००. गांवांतील गोऱ्या रहिवाशांचे ३६०. कृष्णवर्णीय रहिवाशांनीं जमिनीसाठीं १५० डॉलर उभे केले आणि १३२ डॉलर ५० सेंट इतक्या किंमतीची मजुरी स्वतः राबून दिली. मजुरीचा आंकडा अर्ध्या डॉलरापर्यंत मांडला आहे, यावरून त्या मंडळींनीं आपला प्रत्येक दिवस मोजला होता हें दिसतें. शेताचें काम आटोपून सायंकाळीं हातोडा घेणाऱ्या माणसाच्या घामाची किंमत वहींत रोकडीच्या शेजारीं लिहिली गेली, ही गोष्ट त्या काळीं लहान नव्हती.

वॉशिंग्टन १९१५ सालीं निवर्तले. रोझेनवाल्ड यांनीं १९१७ सालीं आपल्या नांवाचा निधि स्थापिला, आणि सहा शाळांचा तो प्रयोग पाहतां पाहतां पंधरा राज्यांत पसरला. १९३२ सालीं, म्हणजे रोझेनवाल्ड यांच्या मृत्यूच्या वर्षीं, बांधकामाचें हें कार्य थांबलें तेव्हां ४,९७७ शाळा, शिक्षकांसाठीं २१७ घरें आणि हस्तोद्योगाच्या १६३ कर्मशाळा, मिळून ५,३५७ इमारती उभ्या होत्या. त्यांपैकीं सर्वांत अधिक, ८१३, एकट्या उत्तर कॅरोलायनांत होत्या. सगळ्यांचा मिळून खर्च दोन कोटी चौऱ्यांयशीं लक्ष डॉलरांच्या घरांत गेला. त्यांतील मोठा हिस्सा सार्वजनिक करांतून आला. निधीनें सुमारें ४३ लक्ष दिले; कृष्णवर्णीय लोकांनीं सुमारें ४७ लक्ष दिले. म्हणजे ज्या दात्याच्या नांवानें या शाळा आज ओळखल्या जातात, त्याच्या निधीपेक्षां ज्यांना दान मिळालें असें म्हणतात त्यांनींच अधिक घातलें. शिवाय हे लोक सरकारला करहि देतच होते. आपल्या करांतून दुसऱ्याच्या मुलांची शाळा बांधून द्यावयाची आणि स्वतःच्या मुलांच्या शाळेसाठीं पुन्हां पदर पसरावयाचा, असा हा दुहेरी कर होता.

रोझेनवाल्ड यांचा एक नियम होता. निधि पूर्ण रक्कम कधींहि देत नसे. गांवानें आपला वाटा रोकड, जमीन, लांकूड किंवा श्रम या रूपानें आधीं उभा केला पाहिजे, आणि शाळा बांधून झाल्यावर ती जमिनीसह सरकारी शिक्षणमंडळाच्या नांवें झाली पाहिजे, म्हणजे तिचा पुढील खर्च चालविणें मंडळाला भाग पडेल. या नियमाचें शहाणपण कोणीहि मान्य करील. पण त्याचा दुसरा परिणाम चाळीस वर्षांनीं दिसावयाचा होता. त्याकडे पुढें येऊंच.

हा वाटा कसा उभा राहिला असेल? कोणीं कोंबड्या विकल्या, कोणीं अंडीं. बायकांनीं जेवणाचे डबे भरून त्यांचा लिलांव केला. कांहीं गांवांनीं शेताचा एक तुकडाच शाळेच्या कापसासाठीं राखून ठेवला. अलाबामांतील बोलिजी या गांवच्या सभेची एक हकीकत त्या वेळच्या एका कार्यकर्त्यानें लिहून ठेविली आहे. वर्गणी चालू असतां गुलामगिरीचे दिवस प्रत्यक्ष पाहिलेला एक म्हातारा उठला, खिशांतून मळकट पिशवी काढली आणि तींतील सगळी नाणीं मेजावर ओतलीं. जन्मभराची ती शिल्लक ३८ डॉलर भरली. नातवंडांच्या मुलांना तरी संधि मिळावी, एवढेंच त्याचें म्हणणें होतें. स्वतःच्या मुलांची गोष्ट त्यानें काढली नाहीं. ती वेळ निघून गेली होती.

आतां त्या खिडक्यांकडे वळूं. या शाळा कोणी गांवच्या सुताराच्या लहरीप्रमाणें बांधल्या नव्हत्या. प्रथम टस्कीगीचे शिल्पज्ञ रॉबर्ट टेलर आणि त्यांचे सहकारी यांनीं नकाशे केले. मॅसॅच्युसेट्सच्या सुप्रसिद्ध तंत्रशिक्षणसंस्थेचे टेलर हे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर होत. पुढें १९२० सालापासून निधीच्या नॅशव्हिल येथील कचेरींतून सॅम्युएल स्मिथ यांनीं ते सुधारून छापील स्वरूपांत गांवोगांव पाठविले. एका शिक्षकाच्या शाळेपासून सात शिक्षकांच्या शाळेपर्यंत, ऐपतीप्रमाणें निवडावे असे ते नकाशे होते. खेड्यांत वीज नव्हती; येण्याचें लक्षणहि नव्हतें. तेव्हां सारा उजेड सूर्याकडूनच घ्यावयाचा. म्हणून वर्गाच्या खिडक्या पूर्वेकडून किंवा पश्चिमेकडून प्रकाश येईल अशा ठेवावयाच्या, विखुरलेल्या न ठेवतां एकत्र ओळीनें ठेवावयाच्या, आणि बाक असे मांडावयाचे कीं उजेड मुलांच्या डाव्या खांद्यावरून यावा. म्हणजे उजव्या हातानें लिहितांना हाताची छाया पाटीवर पडत नाहीं. मुलाला डोळे ताणावे लागूं नयेत एवढ्यासाठीं सबंध इमारतीचें तोंड फिरविलें जाई. रस्ता कोणत्या बाजूला आहे याचा विचार नंतर. दक्षिणेंतील पुष्कळशा रोझेनवाल्ड शाळा रस्त्याशीं फटकून उभ्या दिसतात त्याचें कारण हें.

भिंतींना आंतून फिकट रंग, पडद्यांनाहि ठराविक रंग, कोट टांगण्यास निराळी खोली, हस्तोद्योगासाठीं आणखी एक. दोन वर्गांच्या मध्यें पुष्कळदां सरकती किंवा उचलतां येणारी भिंत असे. ती बाजूला केली कीं दोन वर्गांचें एक सभागृह होई, आणि मग त्यांत गांवाची सभा, गायन, शेतकऱ्यांचें व्याख्यान, वार्षिक समारंभ. ज्या लोकांना गांवांतील दुसऱ्या कोणत्याहि सभागृहाचें दार उघडें नव्हतें, त्यांचें तें सभागृह होतें. ही सरकती भिंत एका साध्या बिजागरीवरची किंवा खोबणीवरची गोष्ट. पण ती आठवणींत ठेवणें अवश्य आहे, कारण पुढें कायद्याची गांठ तिच्याशींच पडते.

अशा शाळांतून शिकलेल्यांत नागरिक हक्कांच्या लढ्यांतील पुढारी जॉन लुईस आणि लेखिका माया एंजेलो यांचीं नांवें जगाला ठाऊक आहेत. पण बहुसंख्य विद्यार्थी शेतकरी, शिक्षिका, पाद्री, कारागीर झाले आणि त्यांनीं आपलीं मुलें कॉलेजांत धाडलीं.

१९५४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ब्राऊन खटल्यांत वर्णभेदावर आधारलेल्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरविल्या. निकालाची अंमलबजावणी सावकाश झाली, परंतु १९६०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत या खेडेगांवांतील शाळा एकामागून एक बंद पडल्या. जो न्याय मिळावा म्हणून त्या शाळांनीं एक पिढी तयार केली, तो न्याय मिळतांच त्यांचेंच प्रयोजन संपलें. एकत्र शाळा करतांना गोऱ्यांची इमारत ठेवावयाची आणि कृष्णवर्णीयांची सोडावयाची, हाच बहुतेक ठिकाणचा परिपाठ. आणि येथें तो जुना नियम आडवा आला. जमीन आणि इमारत शिक्षणमंडळाच्या नांवें होती. मंडळानें ती नको असलेली मालमत्ता म्हणून विकावयास काढली. ज्यांच्या आजोबांनीं ती जागा दिली होती, त्यांच्या नातवांना किंवा त्यांच्या चर्चला ती कांहीं ठिकाणीं पुन्हां पैसे मोजून घ्यावी लागली. जेथें कोणी घेतली नाहीं, तेथें ती गोठा झाली, गोदाम झाली, नाहीं तर जळाऊ लांकडांच्या भावानें गेली. आज शंभरांतील दहा-बारा इमारतीच उभ्या असाव्यात असा जाणकारांचा अंदाज आहे. २००२ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय वास्तुरक्षण न्यासानें रोझेनवाल्ड शाळांचा सबंध वर्गच देशांतील सर्वांत धोक्यांत असलेल्या स्थळांच्या यादींत घातला. तेव्हांपासून त्यांच्याकडे लोकांचें लक्ष वळलें.

लक्ष वळलें म्हणजे रक्षण झालें असें नव्हे. येथें दोन दर्जांतील भेद समजून घेतला पाहिजे, कारण शिकल्यासवरल्या माणसांचाहि त्यांत घोंटाळा होतो. एक आहे ऐतिहासिक स्थळांची राष्ट्रीय सूचि. त्या सूचींत नांव येणें हा मोठा सन्मान होय. पण मालकानें स्वतःच्या पैशानें ती इमारत उद्यां पाडावयाची म्हटली, तर ती सूचि त्याचा हात धरीत नाहीं. दुसरा दर्जा स्थानिक. नांवानें तो धाकटा वाटतो, परंतु दांत आहेत ते त्यालाच. उत्तर कॅरोलायनाच्या कायद्याप्रमाणें नगरानें किंवा काउंटीनें नेमलेलें वास्तुरक्षण मंडळ आधीं त्या इमारतीची चौकशी करून सविस्तर अहवाल तयार करतें, राज्याच्या संबंधित खात्याला त्यावर मत देण्याची संधि देतें, जाहीर सुनावणी होते, आणि मग लोकनियुक्त सभा नियम मंजूर करून तो दर्जा देते. एकदां दर्जा मिळाला कीं इमारतींत महत्त्वाचा फेरफार करण्यापूर्वीं मंडळाचा दाखला घ्यावा लागतो. पाडावयाची झाली तर मंडळ ३६५ दिवसांपर्यंत तें काम थोपवूं शकतें. त्या मुदतींत कोणी विकत घेणारा, हलविणारा, दुरुस्त करणारा मिळतो कीं काय हें पाहावयाचें. मोबदला म्हणून मालमत्तेच्या करांतील निम्मी रक्कम मालकाला तहकूब करून मिळते. मात्र पुढें त्यानेंच इमारतीची वाट लावून दर्जा घालविला, तर चालू वर्षाची आणि मागील तीन वर्षांची तहकूब रक्कम व्याजासह भरावी लागते.

कागदावर ही व्यवस्था चांगली आहे. तिची रचना पाहतां ती कोणाला डोळ्यांसमोर ठेवून केली असेल हेंहि दिसतें. ज्याच्याजवळ मोठा वाडा आहे, ज्याला मोठा कर भरावा लागतो, त्याला निम्मा कर वांचणें हें खरेंखुरें आमिष आहे. पण खेड्यांतील जुनी शाळा आज बहुधा एखाद्या लहान चर्चच्या मालकीची असते. धर्मकार्यासाठीं वापरांत असलेल्या मिळकतीवर चर्चला कर नसतोच. मग तहकूब काय करणार? पंधरा-वीस वृद्ध सभासदांच्या त्या मंडळीला सवलत शून्य, आणि दाखल्याचें बंधन मात्र पुरतें. जुन्या घडणीची लांकडी खिडकी बसविण्यापेक्षां बाजारांतील तयार खिडकी पुष्कळ स्वस्त पडते, हें त्यांना कोणी सांगावयास नको. ३६५ दिवसांची मुदत बुलडोझरला अडवूं शकते; पावसाला आणि वाळवीला अडवीत नाहीं. या कारणानें एखाद्या चर्चच्या वडीलधाऱ्यांनीं दर्जा नको म्हटलें, तर त्यांना अडाणी समजण्याचें कारण नाहीं. दर्जाबरोबर दुरुस्तीचा पैसा आला पाहिजे, निदान येण्याची वाट तरी मोकळी झाली पाहिजे, ही त्यांची मागणी रास्त आहे.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. दर्जा देण्यास इमारतीचें महत्त्व पुरेसें नाहीं. तिचें मूळ रूप, सामान, कारागिरी, परिसर, यांची अखंडताहि सिद्ध व्हावी लागते. आतां ज्या शाळा टिकल्या, त्या कोणी तरी वापरल्या म्हणून टिकल्या. वापरणाऱ्यानें भिंती हलविल्या, खिडक्या बुजविल्या, मागें स्वयंपाकघर काढलें. वापर न करितां जशाच्या तशा ठेवलेल्या शाळा बहुतेक कोसळून गेल्या. मग अखंडतेची कसोटी लावतांना परीक्षकानें वाड्याचाच गज शाळेला लावावा काय? खिडक्यांची रांग बाहेरून बुजविली असली तरी आंत चौकट शाबूत आहे, वर्गांची मांडणी ओळखूं येते, जागा तीच आहे, एवढ्यावर समाधान मानणें हेंच न्यायाचें दिसतें.

तिसरी गोष्ट त्या सरकत्या भिंतीची. खासगी मालकीच्या इमारतींत मंडळाचा अधिकार बाहेरच्या भागावर चालतो. आंतील भागावर तो मालकाच्या संमतीनेंच, आणि तोहि दर्जाच्या नियमांत जे जे आंतील विशेष नांवानिशीं नमूद केले असतील तेवढ्यांवरच. वाड्याचें वैभव त्याच्या दर्शनी भागांत असतें. शाळेचें वैभव, तो शब्द वापरावयाचा तर, आंत असतें: भिंतीवरचा काळा रंगविलेला फळा, कोटांच्या खुंट्या, ती सरकती भिंत. अहवाल लिहिणाऱ्यानें या वस्तु विसराव्या आणि नियमांत त्या येऊं नयेत, तर बाहेरचें टरफल सुरक्षित राहून आंतील गर निघून जाईल, आणि कायदा मोडल्याचा ठपका कोणावरहि येणार नाहीं.

शार्लट शहराजवळील सायलोम शाळेची हकीकत या सर्व अडचणी एकत्र दाखविते. १९२० सालाच्या सुमारास रोझेनवाल्ड नकाशाच्या धर्तीवर कृष्णवर्णीय शेतकरी समाजानें ती बांधली. शेतें गेलीं, शहर वाढत आलें, आणि शाळेच्या भोंवतीं भाड्याच्या घरांच्या चाळी उठल्या. २००७ सालीं तिचें नांव राष्ट्रीय सूचींत दाखल झालें. तरी इमारत जीर्ण होतच राहिली. अखेरीस शहरांतील इतिहाससंग्रहालयानें आणि जुन्या रहिवाशांनीं निधि जमविला, २०२३च्या सप्टेंबरांत ती शाळा उचलून गाडीवरून संग्रहालयाच्या आवारांत आणली, आणि दुरुस्तीनंतर २०२४ सालीं ती लोकांस खुली झाली. मूळ जागेवरून हलविलेल्या वास्तूविषयीं वास्तुरक्षणाच्या शास्त्रांत नाराजीच असते. जागा गेली म्हणजे अर्धा इतिहास गेला असें तें शास्त्र मानतें. त्यांत तथ्य आहे. त्या खिडक्यांना जी दिशा दिली होती, ज्या पायवाटेनें मुलें येत, ती सारी तेथेंच राहिली. परंतु दुसरा मार्ग होता तो ढिगाऱ्याचा.

नव्या जागेंत तिला शेजार लाभला तो विलक्षण आहे. त्याच आवारांत हेझेकाया अलेक्झांडर यांचें १७७४ सालीं बांधलेलें दगडी घर उभें आहे. त्या भागांतील तें सर्वांत जुनें राहतें घर म्हणून प्रसिद्ध. अलेक्झांडर हे आपल्या काळचे प्रतिष्ठित गृहस्थ, राज्याच्या पहिल्या राज्यघटनेच्या कामांतील एक सभासद, आणि गुलामांचे धनी. त्यांचें घर दगडाचें म्हणून अडीचशें वर्षें टिकलें, आणि टिकलें म्हणून १९७० सालींच राष्ट्रीय सूचींत गेलें. शाळा लांकडाची, म्हणून शंभर वर्षांतच मोडकळीस आली. इतिहासाचा मान टिकाऊपणावर दिला तर तो दगडाकडेच जाणार, आणि दगड परवडत होता तो कोणाला हें सांगण्याची गरज नाहीं. आज प्रेक्षक एका दारांतून निघून दुसऱ्या दारांत शिरतो, तेव्हां दोन्ही घरांची उंची त्याला जवळजवळ सारखीच दिसते.

जपणुकीला विरोध करणारेहि आहेत आणि त्यांचें म्हणणें हलकें नाहीं. त्या शाळा म्हणजे अपमानाच्या खुणा. आम्हांला वेगळें काढून तेथें बसविलें होतें. त्या पुसून जाऊं द्या, असें म्हणणारे वृद्ध विद्यार्थी त्याच समाजांत भेटतात. त्यांना उत्तर देण्याचा अधिकार त्यांच्याच वर्गांत बसलेल्यांना आहे, आणि ते देतात तें असें: वेगळें काढलें तें सरकारनें, पण शाळा बांधली ती आमच्या आईबापांनीं. पहिल्या गोष्टीची लाज त्यांनीं वाहावी. दुसरीचा अभिमान आम्हीं कां सोडावा?

मराठी माणसाला हा पेंच अपरिचित नाहीं. पुण्यांत ज्या भिडे वाड्यांत जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनीं १८४८ सालीं मुलींची शाळा काढली, तो वाडा वर्षानुवर्षें दुकानांच्या पाट्यांआड खंगत राहिला, दीर्घ काळ न्यायालयांत अडकला, आणि २०२३च्या डिसेंबरांत, त्या जागीं स्मारक उभारावें म्हणून, उतरविण्यांत आला. स्मारक भव्य होवो. पण ज्या भिंतींनीं त्या पहिल्या मुलींचा पाढा ऐकला त्या भिंती आतां नाहींत, आणि वेळच्या वेळीं एखादी खिडकी दुरुस्त करण्याचा खर्च कितीसा आला असता, हा हिशेब कोणीं मांडलेला नाहीं.

उत्तर कॅरोलायनांत दर्जाचा नियम मंजूर झाल्यावर दोन गोष्टी होतात. मालकाची संमति असल्यास इमारतीवर पाटी लागते. नसल्यास ती जवळच्या सार्वजनिक रस्त्याच्या कडेला लावतात. आणि नियमाची एक प्रत काउंटीच्या दस्तनोंदणी कचेरींत दाखल होते, म्हणजे पुढें ती मिळकत कोणींहि घेतली तरी तें बंधन त्याला दिसावें. त्याच प्रकारच्या कचेरींत शंभर वर्षांपूर्वीं खेड्यांतील कृष्णवर्णीय शेतकरी आपल्या जमिनीचा तुकडा शाळेसाठीं शिक्षणमंडळाच्या नांवें करून देण्यास येत असत. ज्यांना लिहितां येत नसे ते नांवाच्या जागीं फुलीची खूण करीत, आणि कारकून तिच्या बाजूला त्यांचें नांव लिहून घेई.